शुभदाची खळ

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत शुभदाची नखं पिवळी होती. कल्याणच्या त्या वॉर्डातली नर्स तिचं बोट उजेडात धरून बघत होती आणि हिला कावीळ झाली होती का, असं मला विचारत होती. "कावीळ नाही हो, हळद आहे. शनिवारची," शुभदाच पडल्यापडल्या म्हणाली. हृदयाचं दुखणं होतं, दोन दिवसांत घरी सोडणार होते... तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या यजमानांचा फोन आला. त्याला आता सात आठवडे झाले.

दिवा स्टेशनजवळ एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही दोघी अकरा वर्षं बालवाडी चालवत होतो. अक्षरं, गाणी आणि पालकांच्या सभा माझ्याकडे, शनिवार तिचा. शुक्रवारी संध्याकाळी ती डोंबिवलीच्या घरी मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवायची, त्यात हळद, बीट, पालकाचा रस घालायची. तीन वर्षांचं मूल रंग आधी तोंडात घालणार, हे ती धरूनच चालायची. शनिवारी प्लास्टिक अंथरून खळ ओतली की वीस मुलं कोपरापर्यंत हात घालत. चित्र वगैरे काही नाही, नुसतं माखायचं. मला वैताग यायचा, लपवत नाही. इथे पाणी टँकरनं येतं आणि ही बाई पोरांना रंगात लोळवते! त्यावरही तिनं तोड काढली होती. एकाच टबात आधी पिवळे हात धुवायचे, मग हिरवे, शेवटी बीटवाले. मी एकदा क्रम उलटा केला आणि सगळी पोरं गुलाबी होऊन घरी गेली.

पहिल्याच वर्षी मोठा घोळ झाला होता. आयांनी कपड्यांना साबण लावला आणि हळदीचे डाग लाल झाले. सोमवारी चार-पाच जणी फ्रॉक घेऊन दारात उभ्या. हळद सांगता आणि केमिकल वापरता, असं म्हणू लागल्या. मी आत सटकले. शुभदानं मात्र वाटीत हळद कालवून त्यात साबणाचं पाणी घालून दाखवलं, डाग उन्हात फिके पडतात हे सांगितलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खळ आणली.

यंदा स्वरा आली. साडेतीन वर्षांची. ओल्या कशालाही हात लावायची नाही, वरणभातसुद्धा चमच्यानंच. चार महिने ती शुभदाच्या मांडीला टेकून नुसती बघत बसली. मी एकदा म्हटलं, "अगं, एक बोट मी बुडवते तिचं, भीती मोडेल." शुभदा माझ्यावर चिडली ती तेव्हाच. "हात तिचा आहे. घालेल तेव्हा घालेल."

ती गेली आणि खरं सांगते, रडून झाल्यावर पहिला विचार आला तो सुटकेचा. शनिवार संपला. सभेत एका वडिलांनी अगदी नम्रपणे तेच सुचवलं, की आता त्या वेळात एबीसीडी घ्या, पुढे ॲडमिशनला उपयोग होईल. मी हो म्हणणार, एवढ्यात मागून स्वराची आई उठली. "टीचर, बंद नका करू ना. घरी आली की सगळ्यांचं सांगते, कोणी किती माखलं ते. ती बघते हो सगळं." मला माझीच लाज वाटली. शनिवारी रंगच होतील, असं मी सांगून टाकलं.

शुभदाच्या यजमानांनी ते पातेलं मला आणून दिलं. माझ्या खळीत पहिल्या दिवसापासून गाठी. शुभदाची कशी रेशमासारखी असायची... मी गाळायला घेतली तर मुलांनी गाठी फोडायचा खेळच सुरू केला. मग गाळणं सोडून दिलं.

गेल्या शनिवारी स्वरा उठून प्लास्टिकच्या कडेशी आली. बराच वेळ एका गाठीकडे बघत राहिली, मग एका बोटानं ती दाबली. लगेच बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, "टीचर, धू." मी धुतलं. तिनं दुसरी गाठ दाबली. "धू." पुन्हा धुतलं. बाकीची पोरं हातांवर वाळलेली खळ घेऊन रांगेत खोळंबली होती, मी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. एका बोटापायी अख्खी बादली संपली.

या शनिवारसाठी टँकरवाल्याला दोन बादल्या जास्त सांगितल्या आहेत.