गुणाजीने पुरलेला ब्लॉक

गुणाजी परब फारसा कुणाला आवडायचा नाही. तोंड फाटकं. गिऱ्हाईक असो की पोलीस, आधी शिवी, मग विचारपूस. गिरणीच्या वर्कशॉपात वेल्डर होता. संप झाला, गिरणी गेली, हातातली कला तेवढी राहिली. दिंडोशीच्या नाल्याकाठी त्याने पत्र्याची शेड टाकली. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, इंजिन तडकलं की मोठी गॅरेजं सांगायची, भंगारात घाला. तिथून हाकललेला माणूस गुणाजीकडे यायचा.

तसाच सहदेव आला. रेडिएटर कोरडा पडून टेम्पो उकळला होता आणि या शहाण्याने त्यात थंडगार पाणी ओतलं. इंजिनच्या ब्लॉकला वीतभर चीर.

"तापल्या काचेर पाणी ओतलंस तर काय होता, म्हायत नाय तुका?" गुणाजी ओरडला.

त्या टेम्पोवर सहदेवचं घर चालायचं. नवा ब्लॉक त्याच्या आवाक्यात नव्हता आणि हा परत तडकला तर पुन्हा सांधायला जागाच उरणार नव्हती.

गुणाजीने चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर कोरून रुंद केली, ब्लॉक कोळशाच्या भट्टीत लालबुंद केला आणि बिडाची कांडी वितळवून जखम भरली. तसाच उचलून खड्ड्यात, गरम राखेत पुरला. वर आणखी राख. बीड सावकाश निवावं लागतं. वारा लागला, पाणी लागलं की सांध्याशेजारीच टिचतं.

"बाळंतीण आसा," गुणाजी म्हणाला. "उद्या सांजेपर्यंत कोणी उघडूचा नाय."

"माझ्या बाळंतपणात ह्यो नाक्यार पत्ते कुटी होतो," त्याची बायको मालन आतून म्हणाली. "लोखंडाची बघा कशी काळजी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेचं शेडी तोडणारं पथक आलं. आम्हाला कुणकुण होती. वस्तीचे मोर्चे मीच काढायचो; याही वेळी मी माणसं जमवून ठेवली होती. पत्र्याला हात लागला तर दगड उचलायचा, असं ठरलं होतं. मुकादमाने राखेतून निघणारी धग पाहिली आणि ओरडला, "आग आहे इथे! पाणी मारा आधी!"

एक जण बादली घेऊन धावला. मी मुकादमाची कॉलर धरली. मागे दगड उचलले गेले. तेवढ्यात गुणाजीने मला असं ढकललं की मी विझलेल्या भट्टीवर आपटलो.

"सायबानू," तो म्हणाला. या माणसाच्या तोंडून 'सायबानू' मी पहिल्यांदा ऐकलं. "शेड मीच काढतंय. तुमका मेहनत नको. फक्त पाणी नको, आणि त्या खड्ड्याक सांजेपर्यंत हात नको."

मुकादमाला काय, मारामारीशिवाय काम होत होतं. "चल, काढ."

गुणाजी वर चढला आणि स्वतःच्या छपराचे बोल्ट सोडवू लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लाज नाही वाटत? आम्ही तुझ्यासाठी उभे आहोत रे!"

"माझ्यासाठी उभो आसस मा? मग थंय खड्ड्याकडे उभो रव. वारो येता." आणि त्याने सुटलेला पत्रा माझ्या हातात दिला.

दगड खाली पडले. दिवसभर आम्ही, मोर्च्याची माणसं, त्याच्याच छपराचे पत्रे धरून खड्ड्याभोवती उभे राहिलो. सहदेव तर मुतायलाही हलला नाही.

सांजेला ब्लॉक वर आला. गुणाजीने सांध्यावर आतून घासलेट सोडलं, बाहेरून खडू फासला. घासलेट झिरपलं तर खडू ओला होतो. आम्ही वाकून बघत राहिलो. खडू पांढराच राहिला. सहदेवने त्याचे पाय धरले, तर त्यालाही शिवी.

टेम्पो सुरू झाला तोवर शेडच्या जागेवर नाल्याच्या भिंतीचा पाया खणला गेला होता. त्याच टेम्पोत पत्रे, भट्टी आणि मालनची भांडी चढवली. नवी जागा ठरलेली नव्हती.

"खंय जाऊचा?" मालनने विचारलं.

"गप बस," गुणाजी म्हणाला. "इंजिन ऐकूक दी."