कासवांचा किनारा

“आठ वर्षं ओमानात राह्यला, पण पोरीले एकदा दुबई नाई दाखवली यानं!” मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बाबांकडे बोट दाखवत म्हणाले आणि समोरची खोली हसली. मी आत मोठ्या आईजवळ चहाचे कप पुसत होते.

आज सेवाग्रामच्या घरी जुनी बॅग उघडली, तिच्यातून ओमानातल्या लोबानचा वास आला आणि मोठ्या बाबांच्या आष्टीतल्या घरची ती संध्याकाळ आठवली. आम्ही नुकतेच भारतात परतलो होतो. माझ्या मराठीला चुलत भावंडं हसायची, म्हणून मी गप्पच असायचे.

ओमानात दर सुट्टीत बाबा आम्हाला एकाच किनाऱ्यावर न्यायचे. पहाटेच्या गार वाळूत, अंडी घालून थकलेलं मोठं कासव समुद्राकडे सरकत असायचं. थोडं सरकायचं, धापा टाकत थांबायचं. बाबाही माझा हात धरून तसेच थांबायचे. ते लाटेत शिरलं की मगच आम्ही खजुराचा डबा उघडायचो.

त्या संध्याकाळी समोरच्या खोलीत बाबा नुसते हसत होते. तेव्हा वाटलं, ते भावाला घाबरले. आता वाटतं, आपली आवडती जागा हसणाऱ्यांपुढे मांडायची त्यांना इच्छा नव्हती.

“जाऊ दे पोरी, मजाक करून राह्यले ते,” मोठी आई म्हणाली.

मी कप खाली ठेवला आणि दारात जाऊन उभी राहिले.

“मोठे बाबा, बाबा दुबईची तिकिटं काढणार होते. मीच नको म्हटलं. मला कासवं बघायची होती, आणि उद्या विचारलंत तरी मी तिथंच जाईन.”