कॅमेऱ्याची उलटतपासणी

आठवडाभर नोकरी करणारी माणसं शनिवारी पुन्हा बाकावर बसली की किस्से आपोआप जमतात. नागपुरातल्या आमच्या एआय कायद्याच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम अजून दुसऱ्याच प्रकरणात आहे. किस्से केव्हाच पुढे गेले!

मी नुकतीच वकिली सुरू केलीय आणि मला घाई आहे. यंत्रं माणसांचे निर्णय घेतायत आणि आम्ही व्याख्या उतरवून घेतोय. पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं, "हे सगळं आपण थांबवणार कधी?"

सर म्हणाले, "चहानंतर."

*

घाटोळे काका सक्करदऱ्याचे. सारं आयुष्य कामगार न्यायालयात वकिली करण्यात गेलं. मुलाने फी भरली म्हणून वर्गात आले. लुटुपुटूच्या खटल्यात त्यांच्याकडे चॅटबॉट बनवणाऱ्या कंपनीची बाजू आली. पुकारा होताच काका उठले आणि सवयीने पुढची तारीख मागितली. सरांनी कारण विचारलं.

"पक्षकाराची तब्येत बरी नाही. सर्व्हर डाउन हाय."

सरांनीही सवयीने तारीख दिली.

*

गृहपाठ होता, 'यंत्राच्या कामावर माणसाची देखरेख'. वर्गातल्या बँकवाल्या साहेबांनी तो यंत्राकडूनच लिहून आणला. सरांनी विचारलं, निदान देखरेख तरी केलीत का?

"केली ना सर. प्रिंट बरोबर आली का, पाहिलं."

*

वैशालीताई मौद्याकडच्या एका खासगी कारखान्यात एचआरला आहेत. तिथे क्रेनच्या केबिनमध्ये एक कॅमेरा बसवलाय. चालकाचे डोळे मिटले की तो बीप वाजवतो. भोजराज नावाच्या चालकाची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. कॅमेऱ्याने ठरवलं, हा कामावर झोपतो. मॅनेजरला त्याला काढायचं होतं आणि सोमवारी चौकशी घ्यायची होती ताईंनी.

यंत्रांच्या पक्षपातावर मी लगेच उभ्या उभ्या भाषण ठोकलं. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोमवारी काय करू, ते सांग ना." ते माझ्या भाषणात नव्हतं.

घाटोळे काकांनी मागच्या बाकावरून विचारलं, "साक्षीदार कोण हाय वं?"

"कॅमेरा. दुसरं कोणीच नाही."

"मग त्याले खुर्चीवर बसव ना. उलटतपासणी झाल्याबिगर कोणाची नोकरी जाते का?"

सगळा वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत.

*

पुढच्या शनिवारी ताईंनी सांगितलं ते असं. कॅमेरा केबिनमधून उतरवून आणला, साक्षीदाराच्या खुर्चीवर ठेवला आणि चालू केला. मॅनेजर भडकले. हा काय तमाशा, म्हणाले. पण आरोप त्यांनीच वाचून दाखवायचे होते, म्हणून कॅमेऱ्यासमोर बसले. कागद टेबलावर, नजर खाली.

"कामगार भोजराज हे कामावर असताना झोपलेले..."

बीप!

मॅनेजरनी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा बीप. ताई कारकुनाला म्हणाल्या, "साक्षीदाराचं उत्तर नोंदवा."

तिसऱ्यांदा साहेबांनी कागद तोंडासमोर धरला आणि डोळे वटारून वाचायला लागले. तेव्हा समोर बसलेला भोजराज हात जोडून म्हणाला,

"आरामात वाचा साहेब. मी जागाच हाय."