सायली ऐकत न्हाई

"कुंडलजवळच्या एका शाळेत भूत आहे म्हणतात, येतेस?" रुबिनानं विचारलं आणि मी लगेच शनिवारची रजा टाकली. ही माझी मैत्रीण कमी ऐकू येणाऱ्या मुलांना शिकवायला गावोगाव फिरते. तिची दहावीतली विद्यार्थिनी सायली रिकाम्या वर्गात कुणाशीतरी बोलते म्हणे. 'बाहेरचं' असेल या भीतीनं वडील तिची शाळाच बंद करणार होते.

साताऱ्याहून स्कूटरवर सकाळीच निघालो. रहिमतपूरला गरम भजी खाल्ली, पोटभर आणि स्वस्त. विट्यापुढं रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात तर देवाचं नाव घ्या. पुढं दोन्हीकडून ऊस अंगावर येतो. वारा पडला होता, तरी पानं सळसळत होती.

सकाळची शाळा सुटलेली. पटांगणात चिटपाखरू नव्हतं. सायलीचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले, वर्गाच्या दारात उभे होते.

"आवं मॅडम, तुमीच बघा," ते कुजबुजले.

सायली एकटीच बाकावर, नजर कोऱ्या फळ्यावर.

"सायली ऐकत न्हाई," ती सपाट आवाजात म्हणाली. "शाळंचा निकाल घसरंल. तिला दहावीला बसवू नका."

स्वतःचंच नाव, असं परक्यासारखं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वडिलांनी दाराची चौकट घट्ट धरली.

रुबिना मात्र टेबलाकडं बघत होती. तिथं नुसता चार्जर होता.

"माईक कुठाय?"

तासाला वर्गाच्या बाई गळ्यात छोटा माईक घालतात, त्यांचा आवाज थेट सायलीच्या कानातल्या यंत्रात जातो. आज तो काढायला बाई विसरल्या होत्या, आणि भिंतीपलीकडं ऑफिसात हेडमास्तरांशी बोलत होत्या. ऐकलेलं लगेच म्हणून दाखवायची सवय सायलीला रुबिनानंच लावलेली.

आम्ही ऑफिसात गेलो. बाईंचा हात गळ्याशी गेला. वडिलांनी माईक मागून घेतला.

"ती ऐकती, सर. लय ऐकती."

"बसू द्या तिला," हेडमास्तर पुटपुटले.

वडील माईक घेऊन पार उसाच्या बांधापर्यंत गेले आणि आमच्याकडं पाठ करून त्यात काहीतरी बोलले. वर्गाच्या दारात उभ्या आम्हाला एक अक्षर कळलं नाही. वर्गात सायली ताठ झाली.

"व्हय आबा," ती म्हणाली. "बसते."

आधी कितीदा तिनं असलं ऐकलं असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याचं वाईट वाटतं. घरी पोचल्यावर चहा टाकला, शेजारणीविषयी रुबिनाला काहीतरी तिखटमीठ लावून सांगायला तोंड उघडलं आणि हात आपसूक गळ्याशी गेला. माईक नव्हता. तरी मी गप्प बसले.