सहा वाट्यांची ऊब

पेपरात पुढाऱ्यांची भाषणं छापून येतात आणि लोकांची खरी भांडणं आम्हा बातमीदारांकडे पडून राहतात. विजेच्या बिलावरच्या भांडणांचा तर माझ्याकडे ढीग साठलाय. त्यातली निम्मी एकाच चाळीतली आहेत, आणि ती चाळ माझीच!

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला कारखाने उभे राहत होते. चिंचवडच्या बापूंनी शेताच्या कडेला सहा खोल्या बांधल्या. पाचांत आम्ही भाडेकरू, सहावीत बापू स्वतः. वीज होती, पण मीटर एकच, बापूंच्या दारात. बिल आलं की त्याचे सरळ सहा वाटे! प्रत्येकाकडे एकेक दिवा होता तोवर कुणाची तक्रार नव्हती.

* * *

आमच्या शेजारी सावंत राहायचा. मूळचा कोकणातला, कारखान्यात फिटर. त्याची मुलगी ऐन पौषात, दिवस भरायच्या आधीच जन्मली. डॉक्टर म्हणाले, ‘‘पोरीला सतत ऊब द्या, पण कोळशाचा धूर नको.’’ सावंतनं पुण्याहून जुना हीटर आणला. परातीएवढी चकचकीत तबकडी आणि मधे तारेचं वेटोळं. खोलीत पॉइंट एकच, त्यामुळे हीटर लावला की दिवा बंद. सावंतवहिनी त्या तांबड्या उजेडातच भाकरी थापायच्या.

बापू बघायला आले. हात शेकून खूश झाले.

‘‘धूर न्हाई, राख न्हाई. मग हे खातंय काय?’’

‘‘वीज, बापू.’’

बापूंनी हात मागे घेतले!

* * *

पुढचं बिल जवळजवळ दुप्पट आलं. सगळ्यात आधी भडकले ते देवमास्तर. रिटायर्ड, एकटे राहणारे.

‘‘माझा एक दिवा, तोही आठला बंद. सावंतांच्या हीटरचे पैसे मी का भरू?’’

‘‘जास्तीचे मी भरतो, मास्तर,’’ सावंत म्हणाला.

‘‘जास्तीचे म्हणजे किती?’’

ते कुणालाच सांगता येईना. वाद जेवणवेळ टळेपर्यंत चालला आणि तोवर सगळ्या खोल्यांतले दिवे जळत होते!

* * *

मग माझं डोकं फिरलं. एका तान्ह्या पोरीच्या उबेवरून माणसं भांडतात, याचं कारण एकच, वेगळा मीटर नाही! मी वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला.

‘‘सावंतांना वेगळा मीटर द्या!’’

कारकून शांतपणे म्हणाला, ‘‘अर्ज करा. उन्हाळ्यात मिळेल.’’

‘‘उन्हाळ्यात हीटर कोण लावतो हो?’’

‘‘मग अर्ज कशाला करताय?’’

* * *

इकडे बापूंनी फर्मान काढलं, ‘‘म्हैनाअखेर हीटर तरी जाईल, न्हाईतर सावंत तरी!’’

वहिनी पोरीला छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मी कडाडलो, ‘‘बापू, या थंडीत लेकराला बाहेर काढाल? पेपरात छापीन!’’

‘‘छापा की. पर वाचायला दिवा लागंल, त्याचं बिल कोन भरनार?’’



* * *

दुसऱ्या दिवशी देवमास्तर आपली खुर्ची उचलून सावंतच्या खोलीत हजर! वहिनींनी पदर सावरला. ‘‘मास्तर, काय हवं होतं?’’

‘‘काही नको. सहावा हिस्सा भरतो, तर माझ्या वाट्याची ऊब घ्यायला आलोय.’’

ते ऐकून चाळीला युक्तीच सापडली. रोज संध्याकाळी आपापला दिवा मालवून सगळे सावंतकडे वाटा वसूल करायला जमू लागले. कुणी शेंगा आणायचं, कुणी पत्ते. मास्तरांच्या मांडीवर तर पोरगी हक्कानं झोपायची. हळूहळू तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आले नाहीत ते फक्त बापू. ते घोंगडी पांघरून मीटरच्या फिरत्या चाकासमोर बसायचे आणि तिथून ओरडायचे, ‘‘चाक लई पळतंय रं!’’

* * *

महिना संपत आला होता. सावंत दुसरी खोली शोधून दमला होता. त्या संध्याकाळी खोली इतकी गच्च भरली, की पोरीच्या कपाळावर घाम आला. वहिनींनी वायर काढली. दारातून अजून उजेड येत होता, म्हणून बल्ब लावायची कुणी घाई केली नाही. सावंत पत्ते पिसायला लागला.

एवढ्यात बाहेर कुणीतरी धावत आलं. दारात बापू! घोंगडी नाही, पायात वहाण नाही, धाप लागलेली.

‘‘चाक थांबलं! पोरीला काय झालं?’’

सावंतच्या हातातले पत्ते तसेच राहिले. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू. झोपलीय.’’

‘‘उकडत होतं बापू, म्हणून काढला,’’ वहिनी म्हणाल्या.

बापूंनी वाकून पोरीकडे पाहिलं. तिथंच उंबऱ्यावर बसकण मारली आणि आम्हा सगळ्यांवर डाफरले, ‘‘मग दार लावू नगा, वारं येऊ द्या! आन् गार पडलं की लगीच लावा. मी बसतो हितंच.’’