दर दोन तासांनी कूस

आमची जयपूरला बदली झाली आणि वर्षभरातच आई जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर आठवड्यातच माकडहाडाशी तिची कातडी लाल झाली, मग फुटली. सतत पडून राहण्यानं होते ती जखम, बेडसोर.

दिवसभर आईजवळ एक दीदी असायच्या. इथल्याच, वीस वर्षं पेशंट सांभाळलेल्या. त्यांनी आईखाली हवा भरलेली रबराची रिंग सरकवली आणि लाल जागेला स्पिरिट लावून चोळायला लागल्या. सगळीकडे असंच करतात, म्हणाल्या. शेजारणीनं हळद सुचवली, साताऱ्याहून मावशीनं फोनवर मध. जखम मात्र रुंदावतच होती.

मी विम्याचे दावे तपासते. कुणी काही म्हणालं की कागद मागायचा, हा माझ्या नोकरीचा गुण. मोबाइलवर शोधायला बसले तर आधी गाद्यांच्या जाहिराती. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी मिळून केलेल्या मार्गदर्शक सूचना सापडल्या. प्रत्येक सूचनेखाली तिला पुरावा किती भक्कम आहे ते लिहिलेलं, आणि जिथे अपुरा तिथे तसं सरळ कबूल केलेलं. त्या कबुलीनंच माझा विश्वास बसला. रिंग वापरू नका, लाल कातडी चोळू नका, हे तर स्पष्टच होतं.

ती पानं छापून मी आईच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "डिस्चार्जच्या वेळी हे मीच सांगायला हवं होतं." संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जखम पाहिली, ड्रेसिंग ठरवलं, चांगली फोमची गादी घ्यायला लावली, जेवणात डाळ-पनीर वाढवायला सांगितलं आणि दर दोन तासांनी आईला कुशीवर कसं वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी कुठे ठेवायची, ते करून दाखवलं.

अवघड होतं दीदींना सांगणं. त्यांनी रिंग काढली खरी, पण चेहरा उतरला. माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही, एवढंच म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

"दीदी, आज आणि मग दर रविवारी आपण दोघी जखम मापू," मी म्हणाले. "मग तुम्हीच सांगा."

स्वच्छ पारदर्शक कागद वर धरून आम्ही जखमेच्या कडा आखत असू. पहिल्या रविवारी काहीच फरक नव्हता आणि मी मनातून घाबरले होते. आई कुरकुरायची, "पोळीसारखी उलटताय मला." पण दिवसा दीदींनी एकही वेळ चुकवली नाही, रात्री मी गजर लावून उठायचे. दुसऱ्या रविवारी रेघ नखभर आत आली. तिसऱ्या रविवारी कागद दीदींनीच हातात घेतला, जुन्या कागदावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिला.

"भर रहा है," त्या हळूच म्हणाल्या. मग मला जवळ ओढून त्यांनी घट्ट मिठी मारली.

जखम पुरती भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी ड्रेसिंग बंद केलं त्या दिवशी आईनं गाऊन नको म्हणून इस्त्रीची सुती साडी मागितली. दीदींनी ती नेसवली. वॉकर धरून आई लिफ्टनं खाली गेली आणि बाकावरच्या बायकांमध्ये तासभर ताठ बसून आली.