दोघांनी विचारलेला एकच प्रश्न

नोव्हेंबर १९८६, कुरखेडा. हजर: मी, डॉक्टर, एक मनोरुग्ण आणि त्याचा थोरला भाऊ.

मानसिक आजार घराण्यात उतरतो का, याचा अभ्यास होता. तेच छापील प्रश्न डॉक्टरांनी आणि मी वेगवेगळं बसून विचारायचे, उत्तरं एकमेकांना सांगायची नाहीत, अशी पद्धत.

थोरला माझ्यासमोर बसून धाकट्याच्या सदऱ्याची बटणं लावत होता.

"हेच तं आत्ता डॉक्टरले सांगतलं. तुमचं भांडन झालं काय बाई?"

मी हसले. तो हसला नाही.

"माह्या पोरीले होईन काय हे?"

"आज सांगता येत नाही, भाऊ."

"डॉक्टरबी असंच म्हनले. यात तरी तुमचं जमलं," तो समजुतीने म्हणाला. "कळलं तं कार्ड टाकजा."

पत्ता लिहून घेतला. कार्ड अजून टाकायचं आहे.